भोपळा, तार आणि नोंदवही

घरातले वडीलधारे माणूस गेले की तेरावा-चौदावा आटोपल्यावर एके दिवशी कुणीतरी शिडी लावून माळ्यावर चढते. घंगाळ, समया, चांदीची अत्तरदाणी एवढे लगेच खाली उतरते आणि वाटूनही घेतले जाते. मागे उरतो तो पसारा. मोडी कागदांचा एखादा रुमाल, कडा खाल्लेली छायाचित्रे, पाच-दहा तबकड्या आणि भिंतीला टेकवलेला, गवसणीत गुंडाळलेला तंबोरा. हा तंबोरा कुणालाच नको असतो आणि कुणाला टाकवतही नाही. मग मला निरोप येतो, "मास्तर, तुमच्या वर्गाला उपयोग होतो का बघा." बडोद्यातले वाडे उतरून त्या जागी मजले चढू लागल्यापासून असे निरोप वाढले आहेत. शिकवणीच्या दोन खोल्यांत तंबोरे मावून मावणार किती? मी असमर्थता दाखवली की पलीकडून ठरलेले वाक्य ऐकू येते, "मग म्युझियमला देऊन टाकतो."

'देऊन टाकणे' हा शब्दप्रयोग मला खटकतो. देणे निराळे आणि टाकणे निराळे. पदार्थसंग्रहालय ही गावाची अडगळीची खोली आहे, अशी आपली एक गोड समजूत आहे. तेथे वस्तू पोचली की ती अमर झाली, तिची काळजी मिटली, आणि मुख्य म्हणजे आपली काळजी मिटली! प्रत्यक्षात वस्तूची खरी काळजी तेथून पुढे सुरू होते. ती कशी घेतली जाते आणि तिच्यात आपला वाटा काय, हे आपणां जुन्या घरांतल्या मंडळींना ठाऊक असलेले बरे.

सयाजीबागेतले संग्रहालय आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी पाहिले आहे. जुनी मंडळी त्या बागेला अजून कमाटीबागच म्हणतात. बहुतेकांच्या आठवणीत दोनच वस्तू पक्क्या असतात, इजिप्तची ममी आणि निळ्या देवमाशाचा सांगाडा. हा देवमासा १९४४ साली महीच्या मुखाशी आला होता. पण मला त्या वास्तूविषयी सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच हकीकत. मूळ इमारत १८९४ साली पुरी झाली. तिच्या शेजारच्या चित्रदालनाचे काम १९०८ साली निघाले आणि १९१४ साली तेही पुरे झाले. महाराजांनी विलायतेतल्या जाणकाराकरवी चित्रे निवडून घेतली होती. तेवढ्यात महायुद्ध पेटले. इमारत तयार, भिंती तयार, आणि चित्रे समुद्रापलीकडे. त्या काळात ती बोटीवर चढवण्याची घाई कुणी केली नाही. दालन उघडले ते १९२१ साली. सयाजीरावांसारख्या, कामाचा उरक असलेल्या राजाने सात वर्षे रिकाम्या भिंती सोसल्या, कारण चित्रे दाखवण्याआधी ती शाबूत राहायला हवी होती.

पुढे याच गावी या सांभाळण्याचे शास्त्र झाले. १९४० नंतरच्या दशकात संग्रहालयाची धुरा डॉ. हर्मन गोएट्झ या जर्मन पंडिताकडे होती आणि १९५२ साली आपल्या विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. देशातला तो पहिला. वसंत हरी बेडेकरांसारख्या मराठी माणसाने तेथे हा विषय शिकवला आणि त्यावर ग्रंथ लिहिले. मौज अशी की संगीत शिकायला बडोद्यास यावे हे बाहेरगावच्यांना ठाऊक असते. संग्रहालय चालवायला शिकण्यासाठीही बडोद्यास यावे लागते, हे बडोदेकरांनाच ठाऊक नसते.

आता नोंदवहीकडे वळतो. वस्तू संग्रहालयात शिरली की तिची पहिली भेट काचेच्या कपाटाशी होत नाही, ती एका जाड बांधीव वहीशी होते. वस्तू काय, कशाची, लांबी-रुंदी किती, कुठे तडा आहे, कुणाकडून आली, विकत की दान, कोणत्या तारखेस, हे सारे तीत उतरते आणि वस्तूला क्रमांक मिळतो. अनेक ठिकाणी हा क्रमांक तीन भागांचा असतो: साल, त्या सालातली कितवी आवक आणि त्या आवकेतली कितवी वस्तू. हा क्रमांक वस्तूवर लिहायचीही रीत आहे. आधी पारदर्शक रोगणाचा पातळ हात, त्यावर बारीक अक्षर, वर पुन्हा रोगण. म्हणजे उद्या काढायचा झाला तर मूळ पृष्ठभागाला धक्का न लावता निघावा. जेथे रोगण चालणार नाही तेथे सुती फितीने चिठ्ठी बांधतात. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवावी लागते, आणि ठरावीक काळाने वही हाती घेऊन एकेक वस्तू जागेवर आहे की नाही हे पाहावे लागते. आता मोठ्या संग्रहालयांच्या नोंदी संगणकावर चढत आहेत. त्यासाठी पुण्याच्या सी-डॅकने केलेल्या प्रणालीला 'जतन' हे आपल्या कानाला गोड लागणारे नाव आहे. पण संगणकात तेच जाणार, जे वहीत होते. वहीत नसलेले तो कोठून आणणार?

हे काम कारकुनी वाटते. ते तसे नाही हे सांगायला माझ्याच क्षेत्रातले उदाहरण देतो. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ साली बेल्जमच्या राजाला आपल्याकडच्या वाद्यांचा मोठा संच नजर केला. त्यात जवळजवळ शंभर वाद्ये होती. ब्रुसेल्सच्या संगीतशाळेत त्यातून वाद्यसंग्रहालय उभे राहिले. तेथे व्हिक्टर माहियों या गृहस्थांपुढे प्रश्न आला की जगभरची वाद्ये एका यादीत मांडायची कशी? युरोपातली जुनी वाटणी अपुरी पडत होती. त्यांनी सर्व वाद्ये चार वर्गांत घातली: ताणलेल्या तारेची, ताणलेल्या कातड्याची, फुंकरीची आणि आपल्याच अंगाने वाजणारी. नाट्यशास्त्र वाचलेल्याला हे ओळखायला वेळ लागत नाही. तत, अवनद्ध, सुषिर आणि घन! टागोरांच्या संचाबरोबर ही भारतीय वाटणीही तेथे पोचली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे १९१४ साली हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी हीच चौकट वाढवून जी पद्धत केली, ती आज जगभरच्या वाद्यसंग्रहालयांत चालते. भरताच्या नावे ओळखला जाणारा विचार ब्रुसेल्सच्या यादीतून असा जगभर फिरला. तबल्याची जोडी कपाटात ठेवणारा परदेशी कारकून न कळत आपलेच शास्त्र गिरवीत असतो.

याच्या उलट एक हकीकत. वडिलांचे एक गुरुबंधू दिलरुबा फार गोड वाजवीत. त्यांच्या पश्चात घरच्यांनी ते वाद्य एका संस्थेस दिले. तिचे नाव येथे नको. सोबत तीन पानी पत्र होते. वाद्य कुणी घडवले, कुणाकडून कुणाकडे आले, कोणत्या बैठकीत वाजले, सारे त्यात होते. काही वर्षांनी मी ते पाहायला गेलो. वाद्य होते, गवसणीही होती. चिठ्ठीवर लिहिले होते, 'तंतुवाद्य, लाकडी, नग १'. पत्र दुसऱ्या फायलीत गेले होते, फाईल दुसऱ्या खोलीत गेली होती, आणि मध्यंतरी खोल्या बदलल्या होत्या. कुणी चोरी केली नाही, कुणी काही फोडले नाही. तरी त्या माणसाचे चाळीस वर्षांचे वादन 'नग १' होऊन बसले. वाद्याला लागलेली वाळवी निदान दिसते तरी.

तंबोऱ्याचेच पाहा. तो मिरजेचा आहे की आणखी कुठला, हा पहिला प्रश्न. मिरजेच्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घराण्यांनी, तलवारींचे दिवस सरल्यावर हा धंदा उचलला आणि त्यात फरीदसाहेबांचे नाव झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण घरातल्या माणसाला याहून अधिक ठाऊक असते. तो बाईच्या गळ्याचा की पुरुषाच्या, काळी एकला लागे की पांढरी चारला, पहिली तार पंचमात की मध्यमात, जवारी कोण काढून देई, भोपळ्याला तडा कधी गेला आणि कसा सांधला. यांतले एकही वाद्याकडे बघून निश्चित सांगता येत नाही. हे सांगणारे माणूस गेले की गेले.

आता सांभाळण्याचे. भोपळ्याला भुंगेरा लागतो. बाहेरून टाचणीएवढे भोक आणि खाली पिठासारखी पूड दिसली की ओळखावे. जुन्या काळी संग्रहालयांतून यावर जहाल विषे मारीत. पेंढा भरलेल्या प्राण्यांना तर सोमलही चोळीत. म्हणून आज जुनी वस्तू हाताळणारा हातमोजे घालतो, ते केवळ वस्तूसाठी नव्हे, स्वतःसाठीही. हल्लीचा सौम्य उपाय थंडीचा आहे. वस्तू हवाबंद गुंडाळून शून्याखाली वीस अंशांवर आठ-पंधरा दिवस ठेवतात. कापड आणि कोरे लाकूड यांना हे मानवते. पण रोगण, सरस, हस्तिदंत आणि ताणलेली तार एकत्र असलेल्या वाद्याला जपूनच, कारण प्रत्येक पदार्थ आपापल्या मापाने आकसतो. तारा पूर्ण काढायच्या नाहीत, चढवूनही ठेवायच्या नाहीत. चार-पाच सुरांनी उतरवायच्या. घोडीवरचा आणि तबलीवरचा ताण कमी व्हावा आणि जुन्या बांधणीचा पुरावाही राहावा.

खरा शत्रू मात्र हवा. हवेतली ओल शेकडा पंचेचाळीस ते साठ यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम, असे पुस्तकात असते. आपल्याकडे मेमध्ये हवा खडखडीत आणि श्रावणात ओलीचिंब. एकच पातळी राखली तर लाकूड बरेच सोसते. ते मोडते ते चढउताराने, आज तापले उद्या भिजले या हेलकाव्याने. म्हणून दिवसा वातानुकूलन आणि रात्री बंद, ही कचेरीतली काटकसर वाद्याच्या जिवावर उठते.

ओल म्हटली की मला गुंद आठवते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, दाट जंगलात सुपारीच्या बागा धरून असलेले हे गाव. माझ्या एका विद्यार्थ्याचे ते आजोळ. एका आषाढात त्याच्याबरोबर तेथे गेलो होतो. पाऊस असा की दोन दिवस वळचणीची धार तुटली नाही. माझ्या पेटीच्या पट्ट्या फुगून बसल्या. त्या घरात चुलीच्या वरच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या पोथ्या होत्या, मध्ये वेखंडाचे तुकडे, आणि शेजारी यक्षगानातले एक जुने मद्दळे. धुराने सारे काळवंडलेले, पण कोरडे आणि किडीविना. संग्रहालयातला शास्त्री या धुराला कधीच संमती देणार नाही. काजळीने कागद आणि कातडे दोन्ही खराब होतात. तरी उबदार, कोरडी, हलती हवा, घट्ट बांधणी आणि किडीला नावडणारा वास, एवढे सूत्र त्या घराला कुणी न शिकवता साधले होते.

त्याहून मला नवल वाटले ते त्याच्या आजीचे. माळ्यावरची एकेक वस्तू कुणाची, कुणाच्या लग्नात आली, मद्दळ्याचे कातडे कोणत्या सालच्या पावसानंतर बदलले, हे त्यांना तोंडपाठ. कोकणी-कानडी-मराठीच्या मिश्रणात त्या सांगत आणि नातू मला उलगडून देई. मुले बंगळूरला, हुबळीला. मी विद्यार्थ्याला म्हटले, मद्दळे नंतर पाहू, आधी वही आण. आजी हसून म्हणाल्या, "मास्तर, वस्तू आसा ना समोर, लिवून कित्याक?" पण दोन दिवसांत अकरा पाने भरली.

धातू टिकाऊ, ही आणखी एक समजूत. आपल्याच अकोट्यास १९५१ साली जैन धातुमूर्तींचा ठेवा सापडला, अडुसष्ट मूर्तींचा. उमाकांत शहा यांनी त्यांवर १९५९ साली ग्रंथ लिहिला आणि गुप्तकाळापासूनच्या पश्चिम भारतीय मूर्तिकलेचा धागा हाती आला. जमिनीतून निघालेल्या अशा काशा-पितळेच्या पोटात क्षार मुरलेले असतात. दमट हवा लागली की ते जागे होतात आणि फिकट हिरवी भुकटी सुटू लागते. ती थांबवली नाही तर मूर्ती आतून पोखरते. कोरडी हवा आणि नित्य लक्ष हाच मुख्य उपाय. आपल्या घरी मात्र दिवाळीत सगळे देव चिंचेने घासून लख्ख करण्याची चाल. देवघरात ती शोभते. पण पणजोबांच्या पितळी डब्यावर कोरलेले नाव गुळगुळीत झाले असेल तर त्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिंचेचाही वाटा आहे.

कागदाला चिकटपट्टी लावू नये, रबरी वेढा घालू नये, टाचणी टोचू नये, आणि हौसेने प्लास्टिकमध्ये तर मुळीच बंद करू नये. आपले जुने दप्तरी रुमाल बांधीत ती पद्धत चांगली होती. आता कापडाच्या आत आम्लविरहित कागदाचे वेष्टन घालतात इतकेच. मोडी कागदांची शाई काजळाची. ती उजेडाने उडत नाही, शतकांनंतरही काळीभोर असते. पण पाणी लागले की पसरते. येथे बडोदेकराला विश्वामित्रीची आठवण व्हावी. २०२४ च्या ऑगस्टअखेर ती शहरात शिरली तेव्हा तळमजल्यांवरच्या कपाटांचे काय झाले ते आपण पाहिले. जुना रुमाल खालच्या फळीवर ठेवू नये, हे सांगायला त्यानंतर कुण्या तज्ज्ञाची गरज उरलेली नाही.

जुन्या लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. पुसताना स्पिरिट कधीही लावू नये. लाख त्यात विरघळते आणि तिच्याबरोबर आवाजही. हे कळकळीने लिहितो, कारण तबकडी वाचली तर काय परत येते हे आपल्याच गावाने पाहिले आहे. मौलाबक्षांनी १८८६ साली सरकारी गायनशाळा चालू केली. त्यांचे दौहित्र इनायत खाँ १८८२ मध्ये येथेच जन्मले आणि १९१० साली पश्चिमेकडे गेले. जगाने त्यांना सूफी सत्पुरुष म्हणून ओळखले. त्यांचे गाणे मात्र १९०९ च्या तबकड्यांत राहिले होते, आणि १९९४ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध झाले. ८५ वर्षे कुणीतरी त्या तबकड्या सांभाळल्या होत्या, कोणत्या कपाटात आहेत हे कुणाच्या तरी यादीत होते.

आता वादाचा मुद्दा. संग्रहालयात गेलेले वाद्य वाजवावे की नाही? शास्त्र सांगते, नको. वाजवायचे म्हणजे तार बदलायची, जवारी काढायची, झिजलेला भाग नवा बसवायचा. असे करता करता जुने असे काही उरतच नाही. पागानिनीने आपले व्हायोलिन जेनोव्हा शहराला ठेवले. ते शहर ते सांभाळते आणि प्रसंगी निवडक वादकाच्या हाती देतेही. मला हे मनापासून आवडते, पण आपल्याकडे तसे करा असे म्हणवत नाही. व्हायोलिनची झीज सोसण्याजोगी असते. तंबोऱ्याची जवारी मात्र दर वेळी घोडी घासूनच निघते. म्हणून माझे मत असे: वाजण्याजोगा तंबोरा संग्रहालयाला देऊ नये, गाणाऱ्या मुलाला द्यावा. ज्याचे वाजणे संपले आहे, पण ज्याच्या अंगावर इतिहास आहे, तो संग्रहालयाला. संग्रहालयाच्या माणसांना हे मत पटेलच असे नाही.

दिलेली वस्तू दालनात दिसत नाही म्हणून रुसणारी घरेही मी पाहिली आहेत. पुण्याच्या दिनकर केळकरांचे उदाहरण त्यांना सांगतो. धाकट्या राजाच्या स्मरणार्थ या कवीने आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे गोळा केले, ते सुमारे वीस हजार. १९७५ साली सारे महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केले. त्यांतला लहानसा भागच एका वेळी मांडता येतो. बाकीचे कोठीत, अंधारात. आणि अंधार वस्तूला हितकारक असतो. रंगीत कापड, कागद, चित्र यांवर पडलेला उजेड परत घेता येत नाही. त्याचे नुकसान साठत जाते. शालू वर्षभर दालनात टांगण्यापेक्षा दोन महिने दिसावा आणि मग घडी न मोडता विसावा, यात त्याचा अपमान नाही.

आमच्या घरी दोन तंबोरे आहेत. वडील कलावंत खात्यात लागले ते अगदी अखेरच्या दिवसांत. १९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा ते विशीत होते, आणि मी त्यांच्या उतारवयातला. एक तंबोरा वर्गात रोज वाजतो, तो वाजत राहील. दुसऱ्याचा भोपळा उकलला आहे. तो द्यावा असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. दुरुस्ती करणारे कारागीर म्हणाले, "मास्तर, नवा भोपळा बसवून देतो, कळणारसुद्धा नाही." मी नको म्हटले. सोबत द्यायचा कागद तयार करतो आहे: कुठला, केव्हाचा, स्वर कोणता, कोणत्या सणांना राजवाड्यात गेला. त्याची एक प्रत वाद्याच्या दांडीला सुती फितीने बांधायची, एक संग्रहालयाच्या वहीत, एक घरी. तारा उतरवण्यापूर्वी एक विद्यार्थिनी त्याचा जो काही आवाज उरला आहे तो ध्वनिमुद्रित करणार आहे; चौथी तार भरभरते, ती तशीच घ्यायला सांगितली आहे. भोपळ्याच्या जुन्या तड्यावर सरसाने डकवलेली एक हिरवी पट्टी आहे. ती आईच्या इरकली लुगड्याची. थोरल्या बहिणीने ओळखली म्हणून कळले. तेही कागदावर लिहिले आहे.